राजा-गुलाम, छोट्या ब्लाइंडवरून: जिंकलेल्या एका डावाची उलटतपासणी

पाचपाखाडीतल्या एका फ्लॅटवर शनिवारी रात्री आमचं टोळकं पोकरला बसतं. परवा तिथे वहिनींनी दोन हजार चिप्सचा पॉट (मध्ये जमलेला ढीग) ओढला. टाळ्या पडल्या आणि धाकटा म्हणाला, "वहिनी, आता तुम्हाला खेळ कळला." त्या डावात वहिनींवर चार वेळा निर्णयाची पाळी आली होती. माझ्या हिशेबाने त्यातला एकच बरोबर होता. हरलेला डाव माणूस आपणहून चघळत बसतो, रात्री झोप लागेपर्यंत. जिंकलेला मात्र कुणी उलटून बघत नाही, म्हणून हा पानापानाने मांडतोय.

टेबलावरची माणसं

नावं टाळतो, वाचणाऱ्यांत शेजारीपाजारी आहेत. घर दादा-वहिनींचं. वहिनींचं माहेर डोंबिवलीचं. गणपतीच्या जागरणाला रात्र रात्र तीन पत्ती खेळून त्यांचा हात पक्का बसलेला, पोकर मात्र यंदाच्या पावसाळ्यात शिकल्या. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि पोकरही बँकेसारखंच खेळतात, तारण बघितल्याशिवाय एक चिप पुढे सरकत नाही. धाकटा ऐरोलीला आयटीत आहे, घोडबंदर रोडला राहतो आणि दर शनिवारी मानपाड्याच्या ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत उशिरा येतो. त्याला कुठलीही दोन पानं चालतात. उरलो डॉक्टर मॅडम आणि मी. या डावात आम्ही दोघं बघे.

चिप्सना पैशाची किंमत नाही. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा अजून लागू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळही बंद झाले. धाकट्याचं ॲप तेव्हाच गेलं, म्हणून तर तो या टेबलावर आला. पण पैसे नसले की माणूस कॉल (समोरच्याने लावलं तेवढं भरणं) फार सैल हाताने करतो. त्यावर दादांनी उपाय काढलाय. रात्रीच्या शेवटी कुणाकडे किती चिप्स उरल्या ते कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. स्वयंपाकघरात येणारा-जाणारा प्रत्येक जण ते वाचतो, त्यामुळे उधळपट्टीला जरा चाप बसतो.

डाव जसा झाला

खेळ टेक्सस होल्डएम. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, १० आणि २०. नुकत्याच सगळ्यांच्या चिप्स सारख्या करून घेतल्या होत्या, प्रत्येकासमोर २०००.

बटण (वाटणाऱ्याची खूण) धाकट्याकडे, छोटा ब्लाइंड वहिनींचा, मोठा दादांचा. त्यांच्या पुढचे काका, म्हणजे पहिलं बोलणं त्यांचं. काकांनी ६० केले. डॉक्टर मॅडम आणि मी पानं टाकून डाव सोडला, धाकट्याने ६० भरले. वहिनींच्या हातात किल्वरचा राजा आणि बदामचा गुलाम. त्यांनी आणखी ५० टाकून कॉल केला. दादांनी पानं टाकली. पॉट २००.

फ्लॉप: चौकटचा राजा, चौकटची अठ्ठी, किल्वरची पंजी. वहिनी चेक (काही न लावता पाळी पुढे), काका १००, धाकटा बाहेर, वहिनी कॉल. पॉट ४००.

टर्न: इस्पिकची तिर्री. वहिनी चेक. काकांनी चिप्सच्या तीन थप्प्या बोटांनी सारख्या केल्या आणि पुढे ढकलल्या, ३००. वहिनींनी दोन पानांची टोकं पुन्हा उचलून बघितली, दादांकडे बघितलं (दादा मोबाइलमध्ये) आणि म्हणाल्या, "आता एवढे टाकलेच आहेत." कॉल. पॉट १०००.

रिव्हर: इस्पिकचा गुलाम. वहिनी चेक, काका ५००. वहिनी लगेच म्हणाल्या, "शो!" आणि ५०० टाकले. काकांचा इस्पिक एक्का आणि बदामचा राजा, म्हणजे राजांची जोडी, वर एक्का. वहिनींच्या राजा-गुलाम दोन जोड्या. काकांनी पानं नीट एकावर एक ठेवली, धाकट्याकडे सरकवली आणि चहाचा कप उचलला. बोलले काहीच नाहीत. सगळ्यांत आधी माझं लक्ष गेलं ते या गप्प बसण्याकडे.

पहिले ५० चिप्स

वहिनींना विचारलं, का भरले? उत्तर सरळ होतं: "भावजी, दोन्ही चित्रं होती. आणि पन्नासच तर टाकायचे होते."

पन्नासचा हिशेब वरवर बघता त्यांच्याच बाजूचा आहे. पॉटमध्ये तेव्हा १५० होते, म्हणजे २०० च्या पॉटसाठी ५०. चारात एकदा जिंकलं तरी बरोबरी. प्रश्न आहे तो कुणाच्या विरुद्ध, याचा.

काका पहिल्या जागेवरून रेज करतात (लावलेली रक्कम वाढवतात) तेव्हा त्यांच्याकडे काय असतं हे टेबलावरच्या सगळ्यांना पाठ आहे: दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, आणि एकाच रंगाचे एक्का-राणी. दोन पानांच्या एकूण जोडण्या १३२६ होतात, त्यातल्या या ५०. शंभरातले चार हात म्हणा. (सहा जणांच्या टेबलावर हे फारच आवळून खेळणं झालं. काकांचं खरं नुकसान इथे होतं, पण तो वेगळा डाव.) वहिनींच्या हातात एक राजा आणि एक गुलाम असल्यामुळे पन्नासातल्या काही जोडण्या शक्यच नाहीत. मोजून उरतात ४०: एक्के ६, राजे ३, राण्या ६, गुलाम ३, दश्श्या ६, एक्का-राजा १२, एकरंगी एक्का-राणी ४.

या चाळिसातली प्रत्येक जोडणी त्या क्षणी राजा-गुलामच्या पुढे आहे. एकही मागे नाही. दश्शीच्या जोडीविरुद्ध वहिनींना बऱ्यापैकी आशा आहे, पण एक्का-राजाविरुद्ध त्या चारात एकदाच जिंकतात, आणि सगळ्यांत जास्त जोडण्या नेमक्या त्याच्याच. सगळं धरून काकांच्या एकट्याविरुद्ध त्यांची बाजू अंदाजे पंचविशीच्या जेमतेम वर जाते. त्यात तिसरा धाकटा आहे, म्हणजे तेवढीही उरत नाही.

त्याहून मोठी गोम पुढे आहे. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही लागतं ते साधारण तीनातून एकदा. समजा लागलं आणि राजाच आला. आता काकांकडे राण्या किंवा दश्श्या असतील तर ते हात आखडणार, वहिनींना फारसं काही मिळणार नाही. एक्का-राजा किंवा एक्के असतील तर तिन्ही वेळा भरभरून लावणार आणि वहिनी राजांची जोडी घेऊन मागे मागे जाणार. पुढे असताना लहान पॉट, मागे असताना मोठा. राजा-गुलाम, राजा-दश्शी, एक्का-नव्वी असल्या हातांचं दुखणं हेच आहे, आणि पन्नास चिप्सच्या भावात ते दिसत नाही.

छोट्या ब्लाइंडची जागा आणखी नडते. फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा वहिनींना आधी बोलावं लागणार आणि काका, धाकटा ते बघून ठरवणार. इथे पानं टाकायची होती. दहा चिप्स आधीच गेले होते, ते गेले.

फ्लॉप: इथे वहिनी बरोबर

चौकटचा राजा आल्यावर काकांची यादी बदलते. राजे आता दोनच उरले, म्हणून एक्का-राजाच्या जोडण्या १२ वरून ८, राजांची जोडी ३ वरून १. वहिनींच्या पुढे: एक्के ६, राजे १, एक्का-राजा ८, एकूण १५. मागे: राण्या ६, गुलाम ३, दश्श्या ६, एक्का-राणी ४, एकूण १९. काका यातल्या बहुतेक हातांनी एकदा तरी १०० लावतात, कारण रेज त्यांनीच केला होता. वहिनींना १०० टाकून ४०० च्या पॉटवर हक्क मिळतोय, पंचवीस टक्के पुरतात. कॉल अगदी योग्य.

धाकट्याचं म्हणणं, इथे ३०० चा रेज मारायला हवा होता, "कळलं असतं की काका कुठे आहेत." कळलं असतं, पण मागचे १९ पानं टाकून गेले असते आणि पुढचे १५ थांबले असते. फक्त आपल्यापेक्षा भारी हातच टिकेल असा रेज काय कामाचा?

टर्न: तीनशेची तिर्री

खरं प्रकरण इथे आहे. तिर्रीने कुणाचंच काही बदललं नाही. तरी काकांनी ४०० च्या पॉटमध्ये ३०० लावले. पहिली बेट सवयीची असते, दुसरी मोठी बेट काका सवयीने लावत नाहीत. दश्श्या, गुलाम आणि कोरे एक्का-राणी या ठिकाणी चेक करतात. मग तीनशे कोण लावतं? ते १५ लावतात. उदारपणे राण्यांच्या सहा जोडण्यांपैकी निम्म्या धरू, ३. चौकटचे एक्का-राणी, फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागेल या आशेवर, १. एकूण १९.

आता वहिनींची बाजू मोजू. न दिसलेली पानं ४४ (बावन्नातून आपली दोन, मधली चार आणि काकांची दोन वजा). एक्क्यांविरुद्ध पाच पानं वाचवतात, दोन राजे आणि तीन गुलाम. एक्का-राजाविरुद्ध फक्त तीन गुलाम. राजांच्या जोडीविरुद्ध काहीच नाही. राण्या आणि चौकटच्या एक्का-राणीविरुद्ध वहिनी पुढे आहेत. सगळ्याची सरासरी काढली तर सुमारे २५ टक्के येते. किंमत? १००० च्या पॉटसाठी ३००, म्हणजे ३० टक्के. पाच टक्क्यांनी सौदा तोट्याचा, आणि रिव्हरची बेट अजून यायची आहे ती वेगळीच. नंतर चहा पिताना मी काकांना सहज विचारलं, राण्या असत्या तर तीनशे लावले असते का? "छे! राजा पडलाय समोर." म्हणजे ते तीनही यादीतून गेले आणि वहिनींची बाजू बारा टक्क्यांवर आली.

वहिनी म्हणाल्या, पण गुलाम आलाच की. बरं, धरून चालू की काकांकडे एक्का-राजा आहेत हे माहीत आहे आणि वहिनी गुलामासाठीच पैसे भरतायत. ४४ पानांत तीन गुलाम. ४१ वेळा ३०० जाणार, तीन वेळा काहीतरी मिळणार. बरोबरी साधायची तर त्या प्रत्येक वेळी ४१०० मिळायला हवेत. पॉटमध्ये आहेत ७००, काकांसमोर उरलेत १५४०. काकांनी डोळे मिटून शेवटची चिपसुद्धा दिली तरी २२४० च्या वर आकडा जात नाही. हे गणित टेबलावर बसल्या बसल्या कुणी पूर्ण करत नाही, करायची गरजही नाही. तीन पानांची आशा आणि पाऊण पॉटची किंमत, एवढं दिसलं की पुरे.

"आता एवढे टाकलेच आहेत" या वाक्याकडे जरा थांबून बघायला हवं, कारण वहिनी ते एकट्याच म्हणत नाहीत. टाकलेले १६० आता वहिनींचे नव्हते, पॉटचे होते. काकांनीही १६० टाकलेत, धाकट्याने टाकून सोडलेल्या ६० ला तर कुणी वालीही नाही. ही चिप माझी, ती काकांची असं पॉटमध्ये वेगळं काढता येत नाही. पुढचे तीनशे द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक असतो.

रिव्हर: शो कशाला?

गुलाम पडला आणि टेबल उसळलं. धाकट्याला अजून पटत नाही, पण माझ्या मते वहिनींनी सर्वांत जास्त चिप्स इथे सोडल्या.

राजा-गुलाम दोन जोड्या. मध्ये राजा, अठ्ठी, पंजी, तिर्री, गुलाम. एका रंगाची तीन पानं नाहीत, म्हणजे फ्लश शक्य नाही. सिक्वेन्सही कुणाच्या दोन पानांनी पूर्ण होत नाही. वहिनींना हरवणार फक्त तीन सारखी. काकांच्या यादीत तशी राजांची एक जोडणी. अठ्ठीच्या जोडीने काकांनी पहिल्या जागेवरून रेज केला असेल असं (मन घट्ट करून) धरलं तर आणखी तीन. हरणारे एक्के आणि एक्का-राजा मिळून १४. चौदाला चार, आणि काका ५०० लावून बसलेत. वहिनींकडे १५४० शिल्लक. रेज करायचा होता, १२०० पर्यंत.

त्याऐवजी "शो!". तीन पत्तीत दोघंच उरले की कुणीतरी चालीचे पैसे भरून शो मागतो, पानं उघडतात, डाव मिटतो. पानं पहिल्यापासून तीनच, ती बदलत नाहीत, त्यामुळे समोरच्याचा हात पाहणं हाच शेवट. वहिनींच्या हाताला ते वळण आहे. टर्नवर जे पाहण्यासाठी तीनशे भरले, तेच पाहण्यासाठी रिव्हरवर पाचशे भरले. पहिल्या वेळी महाग पडलं, दुसऱ्या वेळी स्वस्तात सुटले काका. पोकरमध्ये पानं उघडायलाच हवीत असं काही नाही. समोरचा उठून गेला तर पॉट न दाखवता मिळतो, आणि समोरचा थांबणार असेल तर उघडण्याआधी त्याच्याकडून आणखी घेता येतं.

तीन पत्तीवरून येणाऱ्यांचा नेहमीचा घोळ वेगळा असतो, क्रमवारीचा. तिथे सिक्वेन्स कलरच्या वर, इथे फ्लश सिक्वेन्सच्या वर. कारण साधं आहे. तीन पानांच्या २२,१०० हातांत प्युअर (एकाच रंगाचा सिक्वेन्स) सोडून सिक्वेन्स ७२० आणि कलर १०९६. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत सिक्वेन्स १०,२०० आणि फ्लश ५१०८. दुर्मीळ ते वर. हा घोळ वहिनींचा पहिल्या शनिवारीच सुटला. शोचा सुटायला वेळ लागेल, कारण तो डोक्यात नाही, हातात आहे.

माणूस बदलला तर

वहिनींनी विचारलेला सगळ्यांत चांगला प्रश्न: "हेच सगळं काकांच्या जागी धाकट्याने केलं असतं तर?"

मग जवळजवळ सगळं उलटतं. धाकटा बटणावरून रेज करतो तेव्हा त्याच्याकडे दश्शी-नव्वीपासून राजा-दुर्रीपर्यंत काहीही असू शकतं. त्या यादीसमोर राजा-गुलाम हा वरच्या फळीतला हात आहे आणि छोट्या ब्लाइंडवरून त्याच्यावर पुन्हा रेज करणं शोभून दिसतं. राजा आल्यावर त्याच्या टर्नच्या तीनशेत चौकटची अर्धीमुर्धी आशा, राजा-दश्शी, राजा-नव्वी आणि निव्वळ थापा यांची भरती असते. पानं टाकण्याचा विचारही नको. म्हणजे हातातली दोन पानं आणि मधली पाच तीच, बेटचे आकडे तेच, तरी एका माणसासमोर टर्नला सोडायचं आणि दुसऱ्यासमोर आरामात भरायचं. "दोन्ही चित्रं होती" या उत्तरात हा माणूसच नव्हता.

कालनिर्णयच्या चौकोनात त्या रात्री वहिनींपुढे २४१० लिहिलं गेलं. या डावानंतर त्या ३०४० वर होत्या. मधल्या काळात राजा-दश्शी घेऊन छोट्या ब्लाइंडवरून त्यांनी पुन्हा काकांना कॉल केला, राजा पुन्हा आला, दश्शी मात्र आली नाही.

निघताना चपला घालणाऱ्या काकांना मी विचारलं, रिव्हरला वहिनींनी बाराशे केले असते तर वरचे सातशे दिले असते का?

"एक्का-राजा सोडतो का मी?" काका म्हणाले. "कुरकुर केली असती, पण दिले असते."

वहिनी दारात उभ्या होत्या. "काका, हे आधी सांगायचं नाही का?"